वादिराजरावांनी खोडलेलं निमंत्रण

२००७ सालच्या जुलै महिन्यात वादिराजरावांना त्यांच्या एका शाळूसोबत्यानं शुभेच्छापत्र पाठवलं. निदान संगणकाच्या पडद्यावर तसं लिहिलेलं होतं. सोबत्याचं नाव नव्हतं. 'तुमच्या एका शाळूसोबत्याने तुमच्यासाठी कार्ड पाठवले आहे, पाहण्यासाठी येथे क्लिक करा' एवढाच इंग्रजी मजकूर. वादिराजरावांना टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत आपणहून त्यांची आठवण काढणारं माणूस विरळाच. त्यांनी चष्मा पुसला, शाळेतले कोणकोण अजून हयात असतील याचा मनाशी अंदाज घेतला आणि क्लिक केलं.

काहीच झालं नाही. सोबत्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आणखी दोनदा क्लिक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता चंद्रमतीबाईंचा फोन आला. चंद्रमतीबाई म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका. लग्न न केलेल्या, शिस्तीच्या, तंजावरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एकट्याच राहणाऱ्या.

"राव, तुमचं कार्ड पोचलं," त्या म्हणाल्या. आवाज जरा जपून लावलेला. "तुमच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या व्यक्तीकडून, असं वर लिहिलंय. मी उघडलं, पण आत काही दिसेना. काय होतं आत?"

"कोण हो?" स्वयंपाकघरातून वत्सलाबाईंनी, म्हणजे वादिराजरावांच्या बायकोनं विचारलं.

आणि पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाच्या तोंडून फोन ठेवता ठेवता निघून गेलं, "राँग नंबर!"

दुपारपर्यंत उलगडा झाला. वादिराजरावांच्या पत्त्यांच्या यादीत त्रेसष्ट जण होते आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांना त्यांच्या नावानं प्रेमाचं कार्ड गेलं होतं. त्यात डोळ्यांचे डॉक्टर होते, मठातले आचार्य होते, मुलीचे जुने प्रिन्सिपॉल होते. कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमधला माणूस येऊन संगणक तपासून गेला आणि म्हणाला, "सार, सगळं पुसून नव्यानं घालावं लागेल." पुसलं गेलं त्यात वादिराजरावांची तीन वर्षांची मेहनत होती. तंजावरात कोणतं मराठी कूळ कोणत्या राजाच्या वेळी आलं, सध्या कोणत्या गल्लीत आहे, कोणाची मुलं कोठे गेली, अशी यादी त्यांनी एका बोटानं टाइप करून ठेवली होती. दुसरी प्रत नव्हती.

त्यांना यादीपेक्षा जास्त लागलं ते हसणं. तंजावरच्या मराठी मंडळींची एक संस्था होती, चाळीसेक घरांची. महिन्यातून एका रविवारी सगळे जमत. त्या रविवारी वादिराजराव पायऱ्या चढत असताना आतून कोणी तरी म्हणालं, "आले बघा, मनापासून प्रेम करणारे." चंद्रमतीबाई खांबाआडून दुसरीकडे बघत होत्या.

दुसरा कोणी असता तर महिनाभर घरी बसला असता. वादिराजराव उठून बोलायला उभे राहिले. आपण फसलो हे त्यांनी कबूल केलं, आणि यापुढे या संस्थेतल्या एकाही माणसाला फसू देणार नाही अशी घोषणा केली. मग उपमा आणि कॉफी येईपर्यंत पाऊण तास ते बोलले. कार्ड पाठवणाऱ्याचं नाव दिलेलं नसतं, 'एक मित्र', 'एक शेजारी' असं मोघम काही तरी असतं. कार्डाच्या पत्त्यात अक्षरांऐवजी नुसते आकडे असतात. आणि क्लिक केलं की कार्ड दिसत नाही, व्हायरस उतरतो. बोलणं मुद्देसूद होतं, हे सगळ्यांनी मान्य केलं.

शेवटी गुरुराज उठले. गुरुराज सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, वादिराजरावांच्या शेजारच्याच घरात राहणारे, रोज सकाळी त्यांच्याबरोबर शिवगंगा बागेत फिरायला जाणारे. ते म्हणाले, "राव, एक नियम राहिला. कार्ड ओळखीच्या माणसाच्या नावानं आलं, तर त्यालाच फोन करून विचारायचं, बाबा, तू धाडलंस का?"

"नको पा!" वादिराजराव म्हणाले. "फोन करायचा म्हणजे शंकेला जागा ठेवायची. कार्ड म्हटलं की खोडायचं. कोणाचंही असो. विषय संपला."

गुरुराज बसले. उपमा आला.

त्या दिवसापासून वादिराजरावांना आयुष्यात काम मिळालं. आठवड्यातून तीनदा ते सगळ्यांना सूचना पाठवत. मंडळींत देवनागरी वाचणारे मोजून चौघे, म्हणून सूचना इंग्रजीत आणि खाली तमिळमध्ये. प्रत्येकीला क्रमांक. एक प्रत छापून गणपतीच्या देवळाजवळच्या फलकावरही लागे. मंडळी त्यांना 'व्हायरस राव' म्हणू लागली आणि वादिराजरावांना ते आवडलंही, कारण आधीच्या नावापेक्षा ते पुष्कळ बरं होतं. लोक रस्त्यात थांबवून सांगत, "काल एक आलं होतं, खोडलं." वादिराजराव पाठ थोपटत. जुलै संपायच्या आत घराघरांत माणसं कार्ड खोडण्यात तरबेज झाली.

या सगळ्या सूचना त्यांच्या मुलीलाही जात. हरिता बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत होती. पहिल्या दोन सूचना तिनं वाचल्या. मग तिनं संगणकाला सांगून ठेवलं, की अप्पांचा 'सूचना क्रमांक' असलेला मेल आला की तो परस्पर एका वेगळ्या कप्प्यात टाकायचा. वेळ मिळाला की वाचू, असं तिच्या मनात होतं.

सप्टेंबरच्या नऊ तारखेला, रविवारी, वादिराजरावांना साठ वर्षं पूर्ण होत होती. त्या मुलखात साठी म्हणजे नुसती शांत नव्हे, ते दुसरं लग्नच. तमिळमध्ये त्याला अरुबदाम कल्याणम म्हणतात. नवरा-बायकोला कलशांच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, नवी वस्त्रं नेसायची आणि नवऱ्यानं बायकोच्या गळ्यात पुन्हा ताळी, म्हणजे मंगळसूत्र बांधायचं. हरितानं जूनमध्येच तिच्या नेहमीच्या तमिळमध्ये बजावलं होतं, "अप्पा, तुम्ही कशातही पडायचं नाही. मंडपम, स्वयंपाकी, नादस्वरम तेवढं बघा. पत्रिकेचं माझ्यावर सोडा. छापून घेऊ नका हं."

वादिराजरावांना वाटलं, बंगळूरला चांगला छापखाना असेल.

ऑगस्टच्या मध्यावर कंपनीनं हरिताला तीन आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवलं. तिथं एका संध्याकाळी बसून तिनं पत्रिका केली. एका कार्डांच्या वेबसाइटवर, स्वतः चित्रं निवडून, आई-वडिलांचा फोटो घालून, नादस्वराची धून लावून. आता पत्ते हवे होते. ते कुठून आणायचे? अप्पांच्या सूचनांचा कप्पा उघडला तर तयारच. वादिराजराव आपल्या मेलवर त्रेसष्टच्या त्रेसष्ट पत्ते उघडे ठेवत, झाकून पाठवायची युक्ती त्यांना माहीत नव्हती. हरितानं सगळी रांग उचलली. खालचा मजकूर वाचायचं काही कारण नव्हतं. बटण दाबलं आणि घरी फोन केला, "अप्पा, सगळ्यांना गेली हं पत्रिका."

"शाबास," वादिराजराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या आटोपून ते संगणकापुढं बसले, तर समोर लिहिलेलं, 'हरिता वादिराज यांनी तुमच्यासाठी कार्ड पाठवले आहे.'

त्यांनी माऊसवरचा हात मागे घेतला. मग राग आला. त्या रागाच्या पोटात, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही होता, कारण शत्रू अखेर थेट त्यांच्या घरात घुसला होता. त्यांनी खुणा तपासल्या. कार्डाच्या पत्त्यात आकड्यांची लांबलचक माळ होती. एकाच वेळी त्रेसष्ट जणांना गेलेलं होतं, आणि तेही त्याच त्रेसष्ट जणांना. अगदी जुलैतल्यासारखं.

"वत्सला, हे बघ. पोरीच्या नावानं!"

वत्सलाबाई पदराला हात पुसत आल्या. "तिलाच विचारा की फोन करून."

"परदेशात आहे ती. आपल्या नावानं असलं काही फिरतंय कळलं तर जेवण जाईल का तिला? नको. मी बघतो."

त्यांनी कार्ड खोडलं आणि सूचना क्रमांक एकवीस लिहिली. सगळ्यात मोठ्या अक्षरांत. 'अत्यंत तातडीचे. आज माझ्या स्वतःच्या मुलीच्या नावाने बनावट कार्ड फिरत आहे. कोणीही उघडू नये. ज्यांनी अजून खोडले नसेल त्यांनी ताबडतोब खोडावे.' तासाभरात प्रत फलकावर लागली. एक प्रत जर्मनीलाही गेली आणि तिथं आपल्या कप्प्यात जाऊन पडली.

पुढचे दोन आठवडे तंजावरची मराठी मंडळी वादिराजरावांशी जरा विचित्र वागू लागली. गल्लीत साठीची चर्चा तर होतीच. मंडपम ठरलाय हे मंडपमवाल्यानं सांगितलं होतं, दोनशे पानांचा स्वयंपाक आहे हे स्वयंपाक्यानं. निमंत्रण मात्र एकाही घरी आलेलं नव्हतं. त्यामुळे वादिराजराव दिसले की बायका बोलणं थांबवत आणि पुरुष घड्याळ बघत.

वादिराजरावांनाही ते दिसलं. पण पत्रिका मिळाली का, असं स्वतः विचारणं म्हणजे आहेर मागितल्यासारखं. शिवाय लोक आपल्याला बघून गप्प का होतात याचा त्यांनी अर्थ लावला होता. संस्थेतर्फे सत्कार ठरलेला असणार. शाल, मानपत्र वगैरे. अचानक द्यायचं म्हणून लपवालपवी चाललीय. ते विषय काढणं टाळत आणि मनातल्या मनात उत्तराचं छोटं भाषण जुळवत.

गुरुराजांनी एकदा आपणहून विषयाला दार उघडून दिलं. बागेत फिरताना ते म्हणाले, "नऊ तारखेला रविवार. तुमच्याकडे काही विशेष आहे म्हणे?"

बिचारा काढून घ्यायला बघतोय, वादिराजरावांना वाटलं. आपणही नाटक वठवायला हवं. ते डोळे मिचकावून म्हणाले, "विशेष कसलं? नेहमीचाच रविवार."

गुरुराज पाच पावलं चालले. मग गुडघा दुखतो म्हणून माघारी फिरले. दुसऱ्या दिवसापासून ते फिरायला आले नाहीत.

नऊ तारीख उजाडली. हरिता आदल्या दिवशी दुपारी आली होती. मंडपमच्या दाराशी केळीचे खांब, आत विस्तवावर मोठमोठी भांडी, डांगर पचडीपासून पायसमपर्यंत बेत. नादस्वरमवाले सहालाच वाजवू लागले. सातला भटजींनी होम पेटवला. वादिराजराव आणि वत्सलाबाई गळ्यात हार घालून पाटावर बसले. समोर दोनशे खुर्च्या.

साडेसातला रघोजी आले, बायकोला घेऊन, पापनाशमहून पहिल्या बसनं, हातात केळ्यांचा अख्खा घड. रघोजी म्हणजे वादिराजरावांचे खरेखुरे शाळूसोबती. पापनाशमला भातशेती करणारे. त्यांच्याकडे संगणक नव्हता, म्हणून वत्सलाबाईंनी त्यांना तोंडी निरोप धाडला होता. मग फुलं देणारी अंबुजा आली, दूधवाला बायकामुलांसह आला. त्यांनाही वत्सलाबाईंनीच सांगितलं होतं. ही सहा-सात माणसं पहिल्या रांगेत बसली.

आठ वाजले तरी मागच्या रांगा रिकाम्या. वादिराजरावांनी हरिताला खुणेनं बोलावलं.

"पत्रिका टपालानं टाकल्यास की कुरिअरनं?"

"टपाल कसलं, अप्पा? ई-कार्ड पाठवलं ना. सगळ्यांना. तुम्हालाही." तिचा चेहरा उतरला. "एकानंच उघडलं असं दाखवत होतं. मला वाटलं, यांना वेबसाइट नीट कळत नसेल."

वादिराजरावांनी हातातलं तुपाचं पात्र खाली ठेवलं.

"तुझ्या नावानं आलेलं कार्ड, हरिता वादिराज यांनी..."

"हो. तेच."

ते उठायला लागले. भटजींनी तमिळमध्ये दरडावलं, "बसा! होमावरून उठायचं नाही." वादिराजराव बसले. पुढचा तासभर ते आहुती टाकत बसले आणि प्रत्येक 'स्वाहा'बरोबर त्यांना एकेक घर आठवत गेलं. गुरुराजांचं घर. बागेतला तो 'नेहमीचाच रविवार'. स्वतःचं ते डोळे मिचकावणं. शेजारी वत्सलाबाई ताठ बसल्या होत्या. एकदाच ओठ न हलवता म्हणाल्या, "फोन करा म्हटलं होतं मी."

मग कलशांचं स्नान. कलश ओतायला आप्तेष्टांची रांग लागते. इथं रघोजींनी चार ओतले, अंबुजेनं तीन, दूधवाल्यानं दोन आणि उरलेले सगळे हरितानं. पाणी ओतताना ती रडत होती की हसत होती, ते वादिराजरावांना कळलं नाही. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही पाणीच होतं, पण त्या वेळी ते कोणाला वेगळं दिसण्यासारखं नव्हतं.

"वस्त्रं बदलायला पाऊण तास आहे," भटजी म्हणाले. "मुहूर्त साडेदहाचा."

वादिराजरावांनी वस्त्रं बदलली नाहीत. ओलं धोतर, गळ्यात हार, कपाळावर भस्म आणि हळदीचे ओघळ, तशा अवतारात ते रिक्षात बसले. रघोजी अक्षतांची वाटी धरून शेजारी.

गुरुराज ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"गुरुराज, माझ्या साठीला चला. आत्ता. मी विनवणी करायला आलोय."

"आज नेहमीचाच रविवार ना?" गुरुराज पेपरामागून म्हणाले.

"हरितानं तुम्हांस कार्ड धाडलं होतं. ते निमंत्रण होतं."

पेपर खाली आला. "ते? ते तर आम्ही खोडलं! तुमची सूचना आली त्याच मिनिटाला. आमच्या हिनं तर एकदा खोडलेलं परत खोडलं, खात्रीसाठी." त्यांच्या आवाजात, रागातही, आज्ञाधारक विद्यार्थ्याचा अभिमान होता. मग त्यांना सगळा प्रकार लक्षात आला. ते वादिराजरावांकडे, त्यांच्या टपटपणाऱ्या धोतराकडे बघत राहिले, आणि इतके हसले की त्यांच्या बायकोला बाहेर यावं लागलं.

"सदरा घालतो," ते म्हणाले. "पुढच्या चार घरांचं मी बघतो. तुम्ही पलीकडची गल्ली घ्या."

घराघरांतून तेच ऐकावं लागलं. आम्ही उघडलं नाही, राव. आम्ही हातही लावला नाही. तुमच्या शिकवणीला जागलो. कोणावर चिडायची सोय नव्हती. लोक शाबासकीसाठी थांबत आणि वादिराजराव ती देत, "बरं केलंत, बरं केलंत. आता चला."

शेवटचं घर चंद्रमतीबाईंचं. त्या दारातच होत्या, नेसून तयार असल्यासारख्या.

"मी उघडलं होतं," त्या म्हणाल्या.

"उघडलंत?"

"सूचना यायच्या आधीच. समई, तुम्हां दोघांचा फोटो, नादस्वरम. सगळं बघितलं. दोनदा बघितलं."

"मग आला का नाहीत?"

चंद्रमतीबाईंनी पदर सारखा केला. "जुलैतही तुमच्या नावानं कार्ड आलं होतं, राव. ते खरं नव्हतं. या वेळी तर तुम्हीच लिहिलंत की बनावट आहे. दुसऱ्यांदा कोण फसेल?"

जुलैत वादिराजरावांनी सगळ्यांपुढं चूक कबूल केली होती, या बाईंचा फोन मात्र नुसतं राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता. त्यांनी रघोजींच्या हातून वाटी घेतली आणि अक्षता वाकून चंद्रमतीबाईंच्या हातावर ठेवल्या. "हे खरं आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी फोन ठेवला, तेही चुकलं माझं."

"असू द्या," त्या म्हणाल्या, आणि चपला शोधू लागल्या.

साडेदहाच्या मुहूर्ताला मंडपममध्ये शंभरावर माणसं होती. कोणी घरच्या लुंगीवर सदरा चढवलेला, कोणाचे केस ओले, कोणाच्या हातात आहेर म्हणून देवघरातूनच उचललेला नारळ. वादिराजरावांनी ताळी बांधली. वत्सलाबाई म्हणाल्या, "नीट बांधा, सैल नको." चंद्रमतीबाईंना कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी मंगलगीत धरलं, आणि त्यांचा आवाज अजून चांगला लागतो हे पुष्कळांना त्या दिवशी कळलं. नऊला न्याहारी करून आलेली माणसं बाराला पुन्हा पोटभर जेवली. तरी साठ पानं उरली. ती रघोजींनी रिक्षावाल्यांना आणि मंडपमशेजारच्या दुकानवाल्यांना बोलावून वाढली.

सत्कार वगैरे काही नव्हताच. तरी जेवणानंतर गुरुराजांनी उभं राहून एक ठराव मांडला, की कार्ड ओळखीच्या नावानं आलं तर आधी फोन करावा. टाळ्या पडल्या. वादिराजरावांनी अनुमोदन दिलं, आणि या नियमाची कल्पना मुळात आपल्याही मनात होती असं म्हणायला तोंड उघडलं. वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ते "आभार" म्हणून खाली बसले.

संध्याकाळी घरी हरितानं संगणक लावला. वेबसाइटवर कार्ड अजून होतं. तिनं वडिलांना खुर्चीत बसवलं, आईला स्टूल दिलं. पडद्यावर अंधारातून एक समई उजळत आली. मग एकोणिसशे शहात्तर सालचा त्यांच्या लग्नातला फोटो, वत्सलाबाईंची वेणी गुडघ्यापर्यंत, वादिराजराव काडीसारखे. खाली हरितानं रोमन लिपीत, पण मराठीत, घरात बोलतात त्याच मराठीत लिहिलं होतं, 'अप्पा-अम्मांचं पुन्हा लगीन आहे, नक्की येवा.'

"मराठीत लिहिलंस?" वादिराजराव म्हणाले. हरिता लहानपणापासून घरात ऐके मराठी, बोले तमिळ.

"चुकलंय का काही?"

वादिराजरावांनी पुन्हा वाचलं. 'लगीन'मध्ये एक अक्षर कमी पडलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे. परत लाव."